मला विचारायचं होतं ना!



तुमच्या वहीवर बाई किंवा सर लाल रंगात काहीतरी लिहितात, तेव्हा तुम्हाला काय वाटतं? 'छान' असं लिहिलं असेल तर वही कधी एकदा आईला दाखवतो असं होतं. 'अक्षर सुधारा' लिहिलं असेल तर ते पान पटकन उलटावंसं वाटतं. खरं ना?

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. म्हणजे तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल पेन्सिल चालवली. त्या पेन्सिलीने मी किती शब्द लिहिले असतील, त्याचा हिशेब नाही. पण एक शब्द मला पक्का आठवतो. तो मी लिहायला नको होता. आज त्या शब्दाचीच गोष्ट सांगणार आहे. तुमच्या आईबाबांनी वाचली तरी चालेल. चालेल काय, त्यांनी वाचावीच, बरं का!

मी नागपूरला धरमपेठेत राहते. तुमच्यापैकी कुणी नागपूरला आलं असेल तर लक्ष्मीभवन चौक, गोकुळपेठेचा भाजीबाजार आणि ट्रॅफिक पार्क नक्की पाहिलं असेल. आमच्या भागात शाळा पुष्कळ. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी सायकली, रिक्षा आणि दप्तरं यांची इतकी गर्दी होते, की मोठ्या माणसांनी घरातच थांबलेलं बरं!

निवृत्त झाल्यावर आम्ही पाच जणांनी एक छोटंसं वाचक मंडळ सुरू केलं. दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर जमायचं, एखादं पुस्तक वाचायचं आणि चहा प्यायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम, शेजारच्या एक वहिनी, झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक तरुण मुलगा आणि मी.

२०११ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. त्यांना पुढच्या फेब्रुवारीत शंभर वर्षं पूर्ण होणार होती. हा दिवस आपण मराठी भाषेचा दिवस म्हणून साजरा करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काका म्हणाले, "आपण दर शनिवारी नुसतं वाचतो. मुलांना लिहितं करू या नं! शाळाशाळांची लेखनस्पर्धा घेऊ."

आम्हाला कल्पना फार आवडली. स्पर्धा घ्यायची म्हणजे काय, तर कागद मागवायचे, वाचायचे आणि नंबर काढायचे. त्यात काय मोठंसं? असं तेव्हा वाटलं. पण मित्रांनो, ज्याने कधी स्पर्धा घेतली नाही, त्यालाच ती सोपी वाटते!

पहिली अडचण विषयांची. काकांना 'मी फुलपाखरू झालो तर' हाच विषय हवा होता. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "त्यापेक्षा 'मी वाट पाहतो' किंवा 'मी वाट पाहते' असा द्या. वाट प्रत्येक जण कशाची ना कशाची पाहतोच." शेवटी दोन्ही विषय ठेवले. पाचवी ते सातवी हा लहान गट, त्यांना तीनशे शब्द. आठवी ते दहावी हा मोठा गट, त्यांना पाचशे शब्द. निबंध घरून लिहून आणायचा आणि ३१ जानेवारीपर्यंत शाळेत द्यायचा. बक्षीस म्हणून पुस्तकं.

मग मी आणि वहिनी पत्रकं घेऊन शाळाशाळांतून हिंडलो. धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर, शंकरनगर, अशा चौदा शाळा झाल्या. कुठे मुख्याध्यापकांनी लगेच चहा मागवला, तर कुठे शिपाईदादांनी दारातूनच "परीक्षा जवळ आली, आता कायची स्पर्धा!" म्हणून आम्हाला परत पाठवलं. तरी फेब्रुवारी उजाडला तेव्हा आमच्या ओसरीवर एकशे शहाऐंशी निबंध जमले होते. आम्ही इतके खूश झालो, की त्या दिवशी चहा दोनदा झाला!

आनंद फार टिकला नाही. पहिला निबंध उघडला. 'मला पंख असते तर किती बहार झाली असती!' वा! दुसरा उघडला. 'मला पंख असते तर किती बहार झाली असती!' तिसरा शाळा वेगळी, अक्षर वेगळं, वाक्य तेच. असे अकरा निबंध निघाले. झेरॉक्सवाला मुलगा हसत म्हणाला, "बाई, एवढ्या कॉप्या तर माझं मशीनही काढत नाही." बाजारात मिळणाऱ्या कुठल्याशा निबंधाच्या पुस्तकातलं ते फुलपाखरू एकाच वेळी अकरा घरांतून उडालं होतं!

आणखी काही निबंध असे होते, की अक्षर सहावीतल्या मुलाचं आणि भाषा वकिलाची! 'तथापि', 'यत्किंचितही', 'सर्वतोपरी'. ते वाचून आम्ही एकमेकांकडे पाहायचो. आता मात्र आम्ही सावध झालो. इतके सावध, की प्रत्येक चांगलं वाक्य दिसलं की आम्हाला वाटायचं, हे कुणाचं बरं असेल?

अशा मनःस्थितीत एका रात्री माझ्या हातात एक निबंध आला.

वहीचा फाडलेला दुरेघी कागद. मुलगी सातवीतली. विषय 'मी वाट पाहते'. तिचं गाव काटोलकडचं. घरी संत्र्याची बाग. शिकण्यासाठी तिला धरमपेठेत मामाकडे ठेवलेलं. तिने लिहिलं होतं, की डिसेंबरात बाबा झाडांचं पाणी तोडतात. झाडं कोमेजतात, पानं गळतात. आईला ते पाहवत नाही. बाबा म्हणतात, आता पाणी दिलं तर नुसती पानंच येतील, झाडाला तहान लागली तरच ते फुलेल. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमाराला बाबा पाणी सोडतात आणि थोड्याच दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. आणि शेवटी तिने लिहिलं होतं :

'मला पण घरून इथे आणून ठेवलं आहे. मला वाटतं, बाबांनी मला ताण दिला आहे. मी पाण्याची वाट पाहते.'

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. अंगावर काटा आला. आणि लगेच दुसरा विचार आला : सातवीतली मुलगी असं लिहील? शक्यच नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने लिहून दिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना दाखवलं. सगळे आधी गप्प झाले आणि मग सगळ्यांनी तेच म्हटलं, "हे मुलीचं नाही." 'ताण देणे' हा शब्द आमच्यापैकी कुणीही त्या अर्थाने ऐकलेला नव्हता. काकांना तर वाटलं, हे कुठल्यातरी कथेतून उचललंय. मी लाल पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं : 'शंका'. तो कागद बाद झालेल्या गठ्ठ्यात गेला.

२७ फेब्रुवारी २०१२, सोमवार. संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात बक्षीस समारंभ झाला. लहान गटातलं पहिलं बक्षीस एका सहावीतल्या मुलाला मिळालं. त्याचा निबंध टापटीप होता, एकही चूक नव्हती. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग चहाच्या वेळी त्याची आई माझ्याजवळ आली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बाई, बक्षीस मिळालं, बरं वाटलं हो! दोन रात्री जागलो आम्ही. हे सांगत होते, मी लिहीत होते, आणि सकाळी याच्याकडून उतरवून घेतलं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलाचं भलं व्हावं, एवढंच त्यांना वाटत होतं. पण शेजारी उभा असलेला तो मुलगा बक्षिसाची पुस्तकं छातीशी धरून खाली पाहत होता. मित्रांनो, बक्षीस मिळवलेलं इतकं उदास पोर मी तोवर पाहिलं नव्हतं.

यानंतर आठ-दहा दिवसांनी पोस्टमनने एक पोस्टकार्ड आणून दिलं. पन्नास पैशांचं साधं कार्ड. अक्षर ओळखीचं वाटलं. मजकूर असा होता :

'ती. बाईंना सा. न. वि. वि. मी स्पर्धेत निबंध दिला होता. तो मोठ्या माणसाने लिहून दिला असं तुम्हाला वाटलं, असं आमच्या मॅडमनी सांगितलं. मामाला संत्र्यातलं काही समजत नाही. बाबांना लिहायला वेळ नसतो. तुम्हाला शंका होती तर मला विचारायचं होतं ना! मी सांगितलं असतं. मला बक्षीस नको. पण माझा कागद परत द्या. माझ्याजवळ दुसरा नाही. तो मला बाबांना दाखवायचा आहे.'

मी ते कार्ड किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आले होते, 'समजलं नाही तर विचारा, विचारायला लाजू नका.' आणि मला स्वतःला एक शब्द समजला नाही, तेव्हा मी काय केलं? विचारलं नाही. शंका घेतली. तिचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं!

लगेच गठ्ठा काढला. तो कागद सापडला, देवाची कृपा! रद्दीत गेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं? पण त्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरातला तो लाल शब्द होता. मी खोडरबर घेऊन घासून पाहिलं. पेन्सिलीचा मेण निघेना. आणखी घासलं तर कागद फाटायला लागला. शेवटी तसाच घेऊन निघाले.

दार तिच्या मामांनी उघडलं. "या नं बाई, बसा नं. तुम्ही कशाला त्रास घेतला, आम्हीच आलो असतो नं!" मी म्हटलं, "नाही, मीच यायला हवं होतं. खरं तर महिनाभर आधी." मुलगी आतून आली. दोन वेण्या, हातात भूगोलाचं पुस्तक. मी तिला म्हटलं, "बाळ, माझं चुकलं. मी तुला न विचारता ठरवून टाकलं. आता विचारते. ताण म्हणजे काय गं?"

ती आधी लाजली. पण बोलायला लागली मात्र, आणि मग मीच विद्यार्थिनी झाले.

ती म्हणाली, "संत्र्याला पाणी देतच राहिलं तर ते वाढतच राहते, नवी पालवी फुटते. पाणी तोडलं की वाढ थांबते आणि झाडाचं अन्न फांद्यांमध्ये साठून राहते. मग पाणी दिलं की एकदम फुलं येतात. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात तो आंबिया बहार. त्याची संत्री दिवाळीच्या सुमाराला निघायला लागतात. उन्हाळ्यात ताण बसतो आणि पावसाळा लागला की फुलं येतात तो मृग बहार. त्याची संत्री पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चला. पण मृगाचं सगळं पावसाच्या हातात. पाऊस लांबला तर झालं!"

"ताण किती दिवस द्यायचा?"

"ते जमिनीवर असते. हलकी जमीन लवकर सुकते, तिला कमी दिवस. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिला जास्त. पण बाई, फार ताण दिला तर झाड मरते. बाबा रोज जाऊन पानं पाहतात. पानं सांगतात म्हणे, आता पुरे."

हे सगळं ती अशी सांगत होती, जशी तुम्ही क्रिकेटचा स्कोअर सांगता. संत्र्याच्या बागा असलेल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर किंवा अमरावतीकडच्या वरूड, मोर्शी भागात कुठल्याही घरात विचारा, 'ताण' म्हणजे काय ते लहान पोरंही सांगतील. आमच्या नागपूरला साऱ्या देशात संत्रानगरी म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आम्ही पाच शिकलेली माणसं या नगरीत आयुष्यभर संत्री खात आलो, पण त्या झाडाला तहानलेलं ठेवावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं! जे आम्हाला ठाऊक नव्हतं, ते आम्हाला खोटं वाटलं. आणि ते फुलपाखरू? ते आमच्या ओळखीचं होतं, म्हणून निदान आमच्या शंकेतून सुटलेले निबंध तरी आम्हाला खरे वाटले.

मी तिला विचारलं, "आणि ते शेवटचं वाक्य? बाबांनी मला ताण दिला आहे, ते कसं सुचलं?"

तिने खांदे उडवले. "सुचलं नाही. तसंच वाटते."

आतल्या खोलीतून मामी बाहेर आल्या होत्या. त्या पदराने डोळे टिपत परत आत गेल्या.

मी कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा लाल शब्द पुसायचा प्रयत्न केला, पण निघत नाही. तू नवा कागद घेऊन उतरवून घे. मी थांबते." तिने कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या. बाबांना सांगीन, इतकं चांगलं लिहिलं की बाईंना खरंच नाही वाटलं."

मित्रांनो, त्या मुलीने मला माफ केलं. पण एक गोष्ट मी परत देऊ शकले नाही. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ती टाळ्या वाजवायला सभागृहात आली होती. मागच्या रांगेत बसली होती. ती संध्याकाळ काही मला परत आणता येणार नव्हती.

शनिवारी मंडळ जमलं तेव्हा मी पोस्टकार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी ही स्पर्धा बंद." मॅडम म्हणाल्या, "बंद कशाला? सुधारू." त्या एका संध्याकाळी आम्ही जे नियम केले, ते आजही वापरतो. तुमच्या शाळेत किंवा कॉलनीत कुणी स्पर्धा घेणार असेल तर त्यांना अवश्य सांगा.

पहिला नियम : निबंध घरून आणायचा नाही. सगळ्यांनी एका ठिकाणी बसून लिहायचा. वेळ दोन तास. घाई नाही. खाडाखोड केली तरी गुण कापायचे नाहीत. विचार करणाऱ्याचीच खाडाखोड होते.

दुसरा नियम : विषय तिथेच चिठ्ठी उचलून काढायचा. आणि तो असा, की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, तुमच्याच घरात, गल्लीत किंवा मनात आहे. फुलपाखराला आम्ही रजा दिली. काकांनीच पहिली चिठ्ठी लिहिली : 'आमच्या घरातला एक आवाज'.

तिसरा नियम : कागदावर नाव नाही, शाळेचं नावही नाही. फक्त क्रमांक. कुठल्या क्रमांकाचं मूल कोण, ती यादी बंद पाकिटात. म्हणजे मोठी शाळा, छोटी शाळा असं काही तपासणाऱ्याला कळतच नाही.

चौथा नियम : प्रत्येक निबंध दोघांनी वेगवेगळा वाचायचा. दोघांच्या गुणांत फार फरक पडला तर तिसऱ्याने वाचायचा. शुद्धलेखनाला गुण आहेत, पण थोडे. मूल घरी 'पाहते'च्या ऐवजी 'पायते' म्हणत असेल आणि तसंच लिहीत असेल, तर त्याचा निबंध आम्ही बाजूला टाकत नाही.

पाचवा नियम माझा : 'शंका' हा शब्द कुठल्याही कागदावर लिहायचा नाही. शंका आली तर पाकीट उघडायचं, त्या मुलाला बोलवायचं, शेजारी बसवायचं आणि म्हणायचं, "छान लिहिलंस. मला यातलं आणखी सांग ना!" ज्याने लिहिलं असतं, तो दहा मिनिटं बोलतच राहतो. ज्याने लिहिलं नसतं, त्यालाही अपमान न होता कळतं, की आपण पुढच्या वेळी आपलं लिहावं.

त्या वर्षी नोव्हेंबरात, दिवाळीच्या मागेपुढे, माझ्या दारात एक पिशवी आली. संत्री! वर चिठ्ठी : 'आंबिया बहाराची आहेत. निबंधातल्या झाडांची.' मंडळाच्या सगळ्यांनी एकेक वाटून खाल्लं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही संत्रं खाताना गप्पा मारल्या नाहीत.

२०१३ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी आमची दुसरी स्पर्धा झाली. मुलं आत लिहीत होती. बाहेर मैदानात आईबाबा थांबले होते. सारखे खिडकीतून डोकावत होते. "विषय कोणता आला?" "पाणी प्यायला का तो?" शेवटी वहिनींना एक युक्ती सुचली. त्यांनी कोरे कागद आणि पेनं आणली आणि सगळ्या पालकांना वाटली. "तुम्हीही याच विषयावर लिहा. वेळ दोन तास!" आधी सगळे हसले. मग मात्र मैदानात अशी शांतता पसरली, की आतल्यापेक्षा जास्त! अर्ध्या तासाने एक बाबा कोरा कागद परत देत म्हणाले, "बाई, हे फार कठीण आहे हो. मी पोराला उगाच रागावत होतो."

आणि मागच्या वर्षीचा तो पहिल्या बक्षिसाचा मुलगा? तोही आला होता. त्याने कुकरच्या शिट्टीवर पाऊण पान लिहिलं. तीन चुका होत्या, बक्षीस मिळालं नाही. पण कागद देताना त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, "माझं आहे, बाई."

संत्र्याची मुलगीही आली होती. आता ती आठवीत, मोठ्या गटात. तुम्ही म्हणाल, या वेळी तिला पहिलं बक्षीस मिळालं असेल! नाही. तिला काहीच मिळालं नाही. निकालानंतर ती माझ्याजवळ आली, मिस्कील हसली आणि म्हणाली, "बाई, या वेळी शंका नाही ना आली?" मी म्हटलं, "नाही गं. या वेळी तू कंटाळून लिहिलंस." ती म्हणाली, "हो. मला आवाजापेक्षा झाडं आवडतात." आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली आणि तिने ते ऐकून घेतलं, हेच मला त्या दिवसाचं बक्षीस वाटलं.

मुलांनो, लेखनाच्या स्पर्धा काही नव्या नाहीत. रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी ही संस्था शाळकरी मुलांसाठी १८८३ पासून निबंधस्पर्धा घेते. आपल्याकडे प्रसिद्ध व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली दिल्लीहून मुलांसाठी स्पर्धा सुरू केली आणि ती पुढे जगभरातल्या मुलांची झाली. जागतिक टपाल संघाची मुलांसाठीची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू आहे. आपल्या टपाल खात्याने २०१७ मध्ये 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा सुरू केली. त्यात मराठीतूनही लिहिता येतं आणि पत्र स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. पोस्टात चौकशी करा. एखादं पत्र लिहून पाहा.

आता तर निबंध लिहून घ्यायला निबंधाचं पुस्तकही लागत नाही, आईबाबांनी जागायलाही नको. मोबाइलला विषय सांगितला की क्षणात तीनशे शब्द तयार! एकही चूक नाही. पण एक सांगू? काटोलच्या त्या बागेत आई झाडांकडे पाहून काय म्हणते, हे त्याला कुठून कळणार? तुमची आजी झोपताना काय पुटपुटते, तुमच्या जिन्याची कोणती पायरी कर्रकर्र वाजते, मित्राशी भांडण झालं त्या रात्री तुम्ही भिंतीकडे तोंड करून का झोपलात, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तेच लिहा. शब्द अडला तर घरात जो बोलतात तो लिहा.

आणि कुणी म्हणालं, "हे तुझं नाही," तर रडत बसू नका. पोस्टकार्ड अजून मिळतं! नम्रपणे, पण स्पष्ट लिहा, "मला विचारायचं होतं ना!"

पालकांनाही एक विनंती. मुलाचा कागद कोरा दिसला की तुमचा हात पेनाकडे जातो. माझाही जायचा. थोडं थांबा. त्याला शेजारी बसवून विचारा, "आज काय पाहिलंस?" आणि मग त्याचं त्याला लिहू द्या. वाकडंतिकडं का होईना, ते त्याचं असेल.

ते पोस्टकार्ड मी माझ्या लाल पेन्सिलीच्या डबीत ठेवलं आहे. निबंध तपासायला बसले, की पेन्सिल काढताना आधी ते हाताला लागतं.

मग, या आठवड्यात काय लिहिणार? ठरवा, लिहा, आणि घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा. त्यांनी काही विचारलं तर सांगा. अगदी दहा मिनिटं सांगा!

तुमची,
धरमपेठेतली बाई